आतल्या कानावर आपल्याच पेशींचा हल्ला

ऐकू कमी यायला लागलं की घरात ठरलेली कारणं निघतात. वय झालं, मळ साचला, दिवसभर हेडफोन लावून बसतो ना! मग कोमट तेलाचे दोन थेंब. ते तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं. इथे ज्या आजाराबद्दल लिहितोय (ऑटोइम्यून इनर इअर डिसीज, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीने आतल्या कानावर केलेला हल्ला) तो पडद्याच्या पलीकडे, मधला कानही ओलांडून, हाडात दडलेल्या शंखासारख्या कॉक्लियात होतो.

त्याची चाल विचित्र असते. म्हातारपणी येणारा बहिरेपणा वर्षानुवर्षं वाढतो, अचानक येणारा तीन दिवसांच्या आत कान बंद करतो. हा दोहोंच्या मधला. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, बहुधा दोन्ही कानांचं ऐकणं घसरतं, मध्येच सुधारतं, पुन्हा पडतं. कधी सोबत चक्कर असते. १९७९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या ब्रायन मॅककेब यांनी असे १८ रुग्ण मांडले. नसेचा बहिरेपणा म्हणजे कायमचा, अशी समजूत होती. यांचं ऐकणं मात्र स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने सुधारलं. त्यावरून त्यांचा संशय रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर गेला.

पण ती तिथे पोचते कशी? मेंदूसारखाच आतला कानही रक्तापासून बंदोबस्तात असतो. १९८०च्या दशकात संशोधक जेफ्री हॅरिस आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगवर केलेले प्रयोग मला यासाठीच फार आवडतात. त्यांनी एका समुद्री गोगलगाईच्या रक्तातलं प्रथिन आधी शरीरात टोचून प्रतिकारशक्तीला त्याची ओळख करून दिली. मग तेच प्रथिन थेट आतल्या कानात सोडलं. कानातल्या द्रवात त्याविरुद्धची प्रतिपिंडं वाढली, कॉक्लियाच्या मध्यखांबातल्या शिरेतून पांढऱ्या पेशी आत घुसल्या, सूज आली, ऐकणं गेलं. पुढे त्या जागी तंतू आणि हाड तयार झालं. त्याहून गंमत म्हणजे एंडोलिम्फॅटिक सॅक नावाची, आतल्या कानाला जोडलेली चिमुकली पिशवी आधीच निकामी केली, तर हा सगळा प्रतिसाद मंदावला. ज्या पिशवीकडे द्रवाचा निचरा करणारी म्हणूनच पाहिलं जाई, ती प्रतिकारशक्तीची चौकी निघाली.

अर्थात तिथे हल्ला परक्या प्रथिनावर होता. माणसात नेमक्या कोणत्या स्वतःच्या प्रथिनावर होतो, ते ठरलेलं नाही. कॉक्लिन, एचएसपी-७० अशी नावं पुढे आली, पण रक्ततपासणीवर निदान करावं इतकं भरवशाचं एकही नाही. जिवंत माणसाच्या कॉक्लियाचा तुकडा काढून तपासताही येत नाही. तो काढला तर ऐकणंच जाईल. म्हणून काही आठवडे स्टेरॉइड देऊन ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) सुधारतो का ते बघायचं, हीच बरीचशी कसोटी. (‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्यांना इथे काय बूस्ट करायचं आहे, ते विचारावं.)

स्टेरॉइड जन्मभर देता येत नाहीत. त्यांच्या जागी मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालेल ही आशा होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुधारलेलं ऐकणं टिकवण्यात ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. २०१४ साली स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या रुग्णांना अ‍ॅनाकिन्रा दिलं गेलं. हे औषध इंटरल्युकिन-१ या दाहाच्या संदेशाला अडवतं. चाचणी पुरी केलेल्या १० जणांपैकी ७ जणांचं ऐकणं सुधारलं. तुलनेला नकली औषधाचा गट मात्र त्यात नव्हता.