लाव्हावर रुजणारं ओहिया

हवाई बेटांवर लाव्हा थंड होऊन काळाकभिन्न खडक झाला, की काही वर्षांतच त्याच्या भेगांत ओहिया लेहुआची रोपं दिसू लागतात. सोबतीला फक्त करडं दगडफूल आणि नेचे. माती अजून व्हायचीच असते. जांभूळ-पेरूच्या कुळातलं हे झाड मूळचं फक्त हवाईचं. शास्त्रीय नाव मेट्रोसिडेरॉस पॉलिमॉर्फा, म्हणजे बहुरूपी. नाव अगदी चपखल आहे. कोवळ्या लाव्हावर पानांना खालून पांढुरकी लव असते, जुन्या ओल्या जंगलात तीच पानं गुळगुळीत. दलदलीत ते गुडघ्याएवढं असतानाच फुलतं, चांगल्या जमिनीत 20 मीटरच्या वर जातं.

फूल जवळून पाहिलं तर लाल दिसतो तो पुंकेसरांचा झुपका. पाकळ्या तळाशी चिमुकल्या. मध प्यायला आपापाने, इइवी हे पक्षी येतात.

बी धुळीइतकं बारीक, वाऱ्यावर सहज उडणारं. मात्र बऱ्याच बियांत गर्भच नसतो, म्हणून रोपवाटिकेत ताजं बी दाट पेरतात. ते नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही. रुजायला उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच द्यायचं, झारीने बी वाहून जातं. रोपं उगवली तरी घाई नको, वाढ फार सावकाश असते.

लाव्हाला पुरून उरणारं हे झाड साध्या जखमेपुढे मात्र हरतं. 2014 मध्ये ओळख पटलेला ‘रॅपिड ओहिया डेथ’ हा रोग सेराटोसिस्टिस बुरशीच्या दोन जातींमुळे होतो. रानडुकरांनी खरवडलेली साल, मोडलेली फांदी, कोयत्याचा घाव, एवढी वाट बुरशीला पुरते. आत शिरून ती पाणी नेणाऱ्या नलिका बंद करते. महिनोन्महिने बाहेरून काहीच कळत नाही. मग काही आठवड्यांत सगळी पानं पिवळी पडून तपकिरी होतात.

त्यावर औषध नाही. त्यामुळे विनाकारण छाटणी करायची नाही, आणि केलीच तर घाव लगेच रंगाने बंद करायचा. हत्यारं आणि बुटांचे तळवे आधी घासून चिखल काढायचा, मगच 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मारायचं. चिखलाखालची बुरशी त्याने मरत नाही.

वठलेल्या झाडातही बुरशी वर्षभराहून अधिक जगते. भुंगेरे खोड पोखरतात, बाहेर पडणाऱ्या भुशातून ती वाऱ्यावर पसरते. कापलेलं लाकूड म्हणूनच जागेवरच ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. सरपणासाठीसुद्धा ते दुसरीकडे न्यायचं नाही.