यूज्ड टू (इंग्रजी व्याकरण)

पूर्वी असलेली आणि आता सुटलेली सवय किंवा पालटलेली स्थिती सांगणारी इंग्रजीतील रचना. तिच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’ म्हणजे ‘मी पूर्वी नाशिकला राहायचो’. आता राहत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. उच्चार ‘यूस्टू’ असा सलग होतो. ‘सुरी पाव कापायला वापरतात’ या अर्थाच्या ‘द नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड’मध्ये मात्र ‘झ’ ऐकू येतो. कानाला कळणारा हा फरक कागदावर दिसत नाही.

‘ॲम, इज, आर, वॉज’ आधी आले की अर्थ पार बदलतो. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन’, म्हणजे ‘मला एकटं राहायची सवय आहे’. इथे ‘यूज्ड’ हे विशेषण आणि ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून ‘टू’नंतर नाम किंवा ‘-इंग’चे रूप लागते. सवय अजून अंगवळणी पडत असेल, तर ‘गेटिंग यूज्ड टू’ म्हणतात. शंका आली तर ‘टू’पुढे ‘द नॉइज’ ठेवून पाहावे: ‘आय ॲम यूज्ड टू द नॉइज’ चालते, ‘आय यूज्ड टू द नॉइज’ अर्धवट राहते.

मराठी भाषकांची खरी अडचण ‘यूज्ड टू म्हणजे सवय’ या पाठ करून घेतलेल्या अर्थातून येते. आजही पहाटे पाचला उठणारा माणूस ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, याने पहाटे उठणे सोडले. चालू सवयीला ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’ पुरते. हवे तर ‘यूज्वली’ जोडावे. मराठीतही ‘मी पाचला उठतो’ एवढेच म्हणतो ना! ‘यूज्ड टू’ची जोड ‘सवय’ या शब्दाशी न घालता ‘उठायचो, जायचो’ या रूपांशी घातली, तर ही चूक मुळातच टळते.

‘वुड’ही जुनी सवय सांगते: ‘ग्रँडमा वुड टेल अस स्टोरीज’, म्हणजे ‘आजी गोष्टी सांगे’. मराठीतल्या रीतिभूतकाळाचीच ही चाल; पण ‘वुड’ फक्त वारंवार घडणाऱ्या कृतींना चालते. ‘आमच्या अंगणात विहीर असायची’ यासाठी ‘यूज्ड टू’च हवे.

प्रश्नात आणि नकारात ‘डिड’ आले की ‘यूज्ड’मधला ‘डी’ गळतो: ‘डिड यू यूज टू स्विम?’ उच्चार तोच राहत असल्याने इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे ‘डी’ लिहून जातात.