बावट्यापासून रेड अलर्टपर्यंत : महाराष्ट्रातील पावसाच्या इशाऱ्यांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा जाहीर झाला, की पालघर, रायगड, रत्नागिरी लाल, सिंधुदुर्ग नारिंगी अशा बातम्या काही मिनिटांत सर्वत्र पोहोचतात आणि बहुतेक वेळा रात्रीपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांकडून शाळांच्या सुट्टीचा आदेशही निघतो. ही पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती फार जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात इशारे प्रथम जहाजांसाठी होते, पुढे ते शेतकऱ्यांसाठी निघू लागले, आणि घरात बसलेल्या नागरिकाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागला.

1864 साली कोलकात्याला आलेल्या चक्रीवादळाने हजारो माणसे मारली आणि बंदरातील जहाजांची धूळधाण केली, तेव्हा व्यापाराच्या काळजीपोटी पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. पश्चिम किनाऱ्यावर ती 1880 मध्ये आली. मुंबईबरोबर रत्नागिरी आणि वेंगुर्ला ही बंदरेही तिच्यात होती. दरम्यान 1875 मध्ये हवामान विभागाची स्थापना झाली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र त्याआधीपासून, म्हणजे 1841 पासून, हवामानाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विभागाचे मुख्यालय कोलकात्याहून शिमल्याला आणि तेथून 1928 मध्ये पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात.

बंदरावरील इशारा म्हणजे बावटा. दिवसा खांबावर शंकू आणि दंडगोल यांची ठरावीक मांडणी, रात्री तांबडे-पांढरे दिवे, आणि धोक्याच्या चढत्या क्रमाने एक ते अकरा क्रमांक अशी ही पद्धत आहे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे कानावर आले, की कोकणातील मच्छीमाराला होडी समुद्रात घालायची की नाही हे वेगळे सांगावे लागत नसे. तथापि या पद्धतीची मर्यादा उघड होती, कारण बावटा दिसतो तो किनाऱ्यावरून आणि बंदराजवळून. बंदर सोडून गेलेल्या बोटीला त्याचा उपयोग नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. अपघात सकाळी झाला, पण त्याची वार्ता शहराला कळायला दुपार उलटावी लागली, आणि तीही पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून.

शेतीसाठी पुण्यात 1932 साली कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि 1945 पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त दिले जाऊ लागले. शहरांना उद्देशून असे काही करावे, असे त्यानंतरही अनेक दशके कोणाला फारसे वाटले नाही.

ही स्थिती बदलली ती 26 जुलै 2005 नंतर. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्याला जेमतेम 73. त्या काळी इशारा हवामान उपविभागाला दिला जाई, म्हणजे कोकण-गोवा हा सारा पट्टा एकच मानून ‘काही ठिकाणी मुसळधार पाऊस’ अशी भाषा असे. एकाच शहरात एवढी तफावत असताना अशा वाक्यातून कुर्ल्याच्या किंवा कलिन्याच्या माणसाने कोणता बोध घ्यायचा होता, हा प्रश्न रास्तच होता. पावसाचे ढग कुठे, किती दाट आणि कोणत्या दिशेने सरकत आहेत हे टिपणारे डॉप्लर रडार मुंबईत तेव्हा नव्हते. शिवाय शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती, दुपारी समुद्राला मोठी भरती होती आणि मिठी नदीचे पात्र अतिक्रमणांनी आवळले गेले होते. राज्यात हजारांहून अधिक बळी गेले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 2006 मध्ये दिलेल्या अहवालात निचऱ्याबरोबरच पर्जन्यमापन आणि पूर्वसूचना यांचाही विचार होता.

त्यानंतर बरेच काही उभे राहिले. पालिकेने वॉर्डावॉर्डांत स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली, कुलाब्याला डॉप्लर रडार आले आणि 2022 मध्ये अंधेरीच्या वेरावली येथे दुसरे सुरू झाले. जून 2020 मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली कार्यान्वित झाली. किती पाऊस पडेल एवढ्यावर न थांबता, भरतीची वेळ आणि जमिनीचा उतार जमेस धरून कोणत्या वॉर्डात पाणी साचेल हे सांगण्याचा तिचा उद्देश आहे.

रंगांचे इशारेही याच काळात रुळले. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार पाऊस अशी हवामान विभागाची वर्गवारी आहे. महसूल खाते मात्र नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 65 मिलिमीटर झाले, की अतिवृष्टी मानते, त्यामुळे दोन कार्यालयांच्या भाषेत ग्रामस्थाचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. रंग मात्र केवळ मिलिमीटरवर ठरत नाही. पिवळा लक्ष ठेवण्यासाठी, नारिंगी सज्ज राहण्यासाठी आणि लाल प्रत्यक्ष कृतीसाठी आहे, आणि हे ठरवताना पावसाची शक्यता व संभाव्य परिणाम दोन्ही पाहिले जातात. लाल इशाऱ्याच्या दिवशी ऊन पडले म्हणून होणारी थट्टा हा भेद न जाणण्यातून येते, असे माझे मत आहे. अर्थात असे दिवस वारंवार आले, तर लोकांचा विश्वास उडणारच.

जिल्हा हे एकक तरी कितपत पुरेसे आहे? सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडील माण तालुका अवर्षणप्रवण आहे. म्हणूनच आता ‘सातारा घाट’, ‘पुणे घाट’, ‘कोल्हापूर घाट’ असे वेगळे इशारे दिले जातात. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला, वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा मृत्यू झाला. पावसाचा इशारा त्या वेळी होता. नदी कुठवर चढेल आणि कोणता डोंगर सुटेल, हे त्यात नव्हते.

वाऱ्याच्या बाबतीत चित्र तुलनेने समाधानकारक आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह रायगडच्या किनाऱ्यावर आदळण्यापूर्वी बोटी परत बोलावण्याला आणि किनाऱ्यालगतच्या लोकांना हलवण्याला अवधी मिळाला होता. घरे, आंबा, नारळ-सुपारीच्या बागा वाचल्या नाहीत, पण मनुष्यहानी मर्यादित राहिली.

दरडींचे तसे नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. दुसऱ्याच दिवशी सकाळी आपत्कालीन संदेशप्रणालीची देशव्यापी चाचणी म्हणून असंख्य मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजले. दरडींच्या पूर्वानुमानासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे राष्ट्रीय केंद्र 2024 मध्ये कोलकात्यात सुरू झाले, आणि त्याची नियमित पत्रके सुरुवातीला दार्जिलिंग, कालिम्पाँग व निलगिरी या जिल्ह्यांसाठी निघू लागली. सह्याद्रीतील एकही जिल्हा त्या पहिल्या यादीत नव्हता.