वैरण आणली नाही व्हय? परदेशी मदतीच्या ७५ वर्षांची पार्श्वभूमी

२०१९ चा महापूर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको, राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं. पाणी उतरायला लागल्यावर आम्ही तालमीतली पोरं टेम्पो भरून शिरोळकडं निघालो, टेम्पोत बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे. गावातल्या शाळेत पोचलो तर तिथं एक अख्खा वर्ग आधीच जुन्या कपड्यांनी भरलेला. दारात एक मावशी उभ्या होत्या, त्यांनी टेम्पोत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "वैरण आणली नाही व्हय? म्हशी चार दिस उपाशी हाईत." वैरण आमच्याकडं नव्हती, आमच्या मागून आलेल्या टेम्पोतबी नव्हती. निघायच्या आधी गावात एक फोन केला असता तर कळलं असतं.

त्यानंतर मी गरीब देशांना जी परदेशी मदत जाते तिच्याबद्दल वाचायला लागलो, आणि तिथं हाच टेम्पो परत परत दिसला, फक्त लई मोठा.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची. अमेरिकेनं १९४८ पासून मार्शल योजनेतून पश्चिम युरोपात सुमारे १३ अब्ज डॉलर ओतले आणि युरोप काही वर्षांत उभा राहिला. मग २० जानेवारी १९४९ ला अध्यक्ष ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणात जाहीर केलं की आता मागास देशांनाही आपलं तंत्रज्ञान द्यायचं. पण युरोपात कारखाने चालवलेली माणसं होती, बँका होत्या, कारभार होता, पडलेलं परत उभं करायचं होतं. आफ्रिका-आशियात तसं नव्हतं. तरी पुढची वीस-तीस वर्षं पैसा आणि मशीन दिलं की झालं असंच धरून चाललं. १९७० ला संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, म्हणजे मोजलं काय, तर किती दिलं ते. खाली काय पोचलं ते मोजायची सवय बऱ्याच उशिरा लागली.

हे सगळ्यात चांगलं कळतं ते हापशावरून, आणि ती गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.

१९६७ ला बिहारच्या दुष्काळात युनिसेफनं कठीण दगड फोडणारी बोअरची मशीनं भारतात आणली. दख्खनच्या काळ्या पाषाणात आडाला पाणी लागत नाही तिथं बोअरला लागायला लागलं, त्यामुळं गावोगावी बोअर मारल्या गेल्या. पण वर बसवलेले हापसे होते बिडाचे, युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या परसातल्या हापशाची नक्कल. तिकडं दिवसात चार बादल्या, इकडं पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव दांडा मारतंय. १९७४ च्या सुमारास पाहणी केली तर चारातले तीन हापसे बंद. पाणी खाली होतं, बोअर होती, आणि बाया परत घागरी घेऊन लांबच्या विहिरीवर.

माझे काका शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर होते. कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत हवेचं पोकळ भोक, निघालं की माल रिजेक्ट होऊन गेटवर परत यायचा आणि त्या दिवशी सगळ्यांची झोप उडायची. ते म्हणायचे, रिजेक्शन परत येतं म्हणून आम्ही शिकलो. मदतीच्या कामात हेच होत नाही, कारण पैसे देणारा एकीकडं आणि वापरणारा दुसरीकडं, बंद हापसा उचलून कोणी युनिसेफला परत पाठवत नाही. मला तरी या सगळ्या इतिहासातली मूळ अडचण हीच वाटते.

हापशाचा तोडगा निघाला तो जालना आणि सोलापुरात. तिथल्या ख्रिस्ती मिशनची माणसं स्वतः हापसे दुरुस्त करत फिरायची, त्यामुळं कुठं मोडतंय ते त्यांना हाताला माहीत होतं. त्यांनी स्टीलचे, साखळीवर चालणारे हापसे बनवले. सोलापूर पंपावरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून इंडिया मार्क टू तयार केला, कोइमतूरजवळ खोल बोअरवर तो घासून-पुसून तपासला आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी उत्पादन सुरू झालं. पेटंट कोणाचंच नाही, कुठल्याही वर्कशॉपनं बनवावा, पण ठरलेल्या मापात बसला पाहिजे आणि बाहेर पडायच्या आधी तपासणी झालीच पाहिजे. पुढं तो आफ्रिकेत गेला, जगभर लाखोंनी बसला. तरी एक राहिलंच, आतला वॉशर बदलायचा तर सगळा पाइप वर ओढायला लागायचा, म्हणजे तालुक्याहून गाडी आणि माणसं येईपर्यंत हापसा बंद. म्हणून मार्क थ्री आला, त्यात पाइप न काढता आतले भाग वर येतात, गावातच दुरुस्ती होते. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात बायांना हापसा दुरुस्तीचं काम शिकवलं आणि त्यांनी केलंसुद्धा. पाणी भरणारीच मिस्त्री झाली!

तक्रारीचा रस्ताही असाच भांडून मिळाला. सरदार सरोवराला जागतिक बँकेनं १९८५ ला ४५ कोटी डॉलर मंजूर केले, बुडणाऱ्यांत आपल्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली होतं. लोक लढले, बँकेलाच स्वतंत्र तपासणीसाठी मोर्स समिती नेमायला लागली, १९९२ च्या तिच्या अहवालात पुनर्वसनावर कडक ताशेरे आले आणि १९९३ च्या मार्चमध्ये भारतानं उरलेलं कर्ज सोडलं. त्याच वर्षी बँकेनं तपासणी पॅनेल काढलं, म्हणजे प्रकल्पाची झळ बसलेली माणसं थेट बँकेकडं तक्रार करू शकतात. जगातल्या कुठल्याही गरिबाला हे दार उघडलं त्यात नर्मदाकाठच्या आदिवासींचा मोठा वाटा आहे, हे आपण विसरतो.

२००५ ला पॅरिसमध्ये देशांनी जाहीरनामा केला, योजना घेणाऱ्या देशानं ठरवावी, देणाऱ्यांनी एकमेकांत मेळ घालावा वगैरे. कागद चांगला होता, अंमल अर्धामुर्धा.

त्याच काळात दुसरा प्रवाह आला, आधी करून बघा, मोजा, मग वाढवा. केनियात शाळांना पाठ्यपुस्तकं दिली तर फायदा फक्त हुशार पोरांनाच झाला, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि बऱ्याच पोरांची ती तिसरी भाषा. उलट मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, मागं पडलेल्या पोरांना वेगळं बसवून शिकवायच्या, त्याचा फायदा नेमका कच्च्या पोरांना झाला. हे प्रयोग करणाऱ्यांतल्या बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या अर्थतज्ज्ञांना २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपला पूर ओसरल्यावर दोनच महिन्यांनी, अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मला हे काम मोलाचं वाटतं, पण एक आहे, काय तपासायचं ते अजून बाहेरचा माणूसच ठरवतो.

म्हणून मला शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ ला तासगाव तालुक्यात विसापूरला 'मागेल त्याला काम' करून बघितलं, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीनं राज्यभर लोक जगवले, १९७७ ला कायदा झाला आणि २००५ ला देशभरासाठी कायदा आला. काम कधी पाहिजे ते मजूर स्वतः सांगणार आणि सरकारनं द्यायचं. कामं रखडली, मजुरी अडकली, हजेरीपटात घोटाळे झाले, सगळं खरं. पण मागायचा हक्क कागदावर आला म्हणून तर भांडता आलं.

पुढं १ जुलै २०२५ ला अमेरिकेनं १९६१ पासून चाललेली यूएसएड ही परदेशी मदतीची सरकारी संस्था बंद करून उरलेलं काम परराष्ट्र खात्यात घेतलं. त्याच्या आधीच काही महिने कितीतरी देशांत औषधं, दवाखाने, धान्य अडकलेलं. यातलं कुठलं काम चांगलं चाललं होतं आणि कुठलं बंद हापशासारखं होतं, ते तिथं रांगेत उभ्या असलेल्या बाईला माहीत होतं. फोन यावेळीही तिला गेला नाही.