इंग्रजी व्याकरण आणि शब्दसंग्रह: सराव संच वापरायचा कसा

हे पत्रक आमच्या प्रत्येक सराव संचासोबत दिले जाते. संचात 40 प्रश्न असतात आणि शेवटी स्पष्टीकरणासह उत्तरे. संच सोडवला, गुण मोजले आणि बाजूला ठेवला, असे केले तर दहाव्या संचातही पहिल्याइतकेच गुण पडतात. दर वेळी चुकणारा प्रश्न वेगळा असतो, चुकण्याचे कारण मात्र तेच राहते. ते कारण शोधणे हा सरावाचा खरा भाग आहे.

चुकांची वही

सोडवायला 25 मिनिटे आणि तपासायला 40 मिनिटे ठेवा. हो, तपासायला जास्त. सोडवताना ज्या प्रश्नात अंदाज केला त्याला तिथल्या तिथे टिंब द्या, नंतर आठवत नाही. मग चुकलेले सगळे आणि टिंब दिलेले (बरोबर आले असले तरी) प्रश्न पूर्ण वाक्यासह वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे एक अक्षर लिहा.

न: नियम माहीतच नव्हता.
द: नियम माहीत होता, पण या वाक्यात तो लागतो हे दिसले नाही.
म: मराठीची रचना इंग्रजीत उतरली.
घ: घाईत वाचले.

‘न’ असेल तर ते प्रकरण पुन्हा वाचा. ‘द’ असेल तर वाचून उपयोग नाही, त्याच नियमाची 15-20 वाक्ये एका बैठकीत सोडवा. ‘घ’ असेल तर ‘विरुद्धार्थी’, ‘चुकीचा भाग’ अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारूनच पर्यायांकडे वळा. ‘म’ सगळ्यांत चिवट, कारण ती चूक कानाला बरोबर वाटते. तिच्यासाठी पुढचा भाग सावकाश वाचा.

मराठी आडवी येते त्या जागा

‘पासून’. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ याचे थेट रूप होते ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’. यात दोन चुका आहेत. काळाची सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’ (सिन्स मंडे, सिन्स 2019), काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर’ (फॉर टू इयर्स). आणि काम अजून चालू आहे म्हणून साधा वर्तमानकाळ चालत नाही: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स’.

‘पर्यंत’. ‘पाचपर्यंत थांब’ आणि ‘पाचपर्यंत काम संपव’ यांत मराठीला शब्द एकच पुरतो. इंग्रजीत थांबण्यासारखी सलग चालणारी क्रिया असेल तर ‘टिल’, मुदत असेल तर ‘बाय’. ‘फिनिश इट टिल फाइव्ह’ चूक आहे.

‘पेक्षा’ म्हटले की हात ‘दॅन’कडे जातो. पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर आणि प्रायर यांच्यापुढे ‘टू’ येते. ‘आय प्रिफर वॉकिंग टू रायडिंग’ हेही त्यातलेच.

‘जरी-तरी’ ही आपली जोडी, म्हणून ‘ऑल्दो’ नंतर ‘बट’ लिहिले जाते. इंग्रजीत दोहोंपैकी एकच ठेवा. ‘जर’च्या वाक्यात ‘विल’ मुख्य वाक्यात येते, ‘इफ’च्या भागात नाही: ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे’. ‘व्हेन’नेही भविष्यातली वेळ सांगताना हेच लागू.

‘विषयावर चर्चा’ यातल्या ‘वर’मुळे ‘डिस्कस अबाउट’ होते. डिस्कस, रीच, रिझेम्बल, मॅरी, ॲप्रोच या क्रियापदांना थेट कर्म लागते, मध्ये शब्दयोगी काही नको. लग्नाच्या वाक्यात ‘च्याशी’मुळे येणारे ‘विथ’ तर हमखास विचारले जाते: ‘शी मॅरीड हिम’ किंवा ‘शी इज मॅरीड टू हिम’.

वचनातही असाच घोळ. केस पांढरे ‘आहेत’, पण ‘हर हेअर इज ग्रे’. कात्री एक, तरी ‘द सिझर्स आर’. आपण सल्ले देतो, फर्निचर मोजतो. इंग्रजीत ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. आणि ‘थोडे’ हा एकच शब्द दोन अर्थांना वापरू नका: ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत.

आर्टिकल मराठीत नाही, पण ‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवायला देवनागरीसारखे साधन नाही. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून बघा. आवर, ऑनेस्ट, एमएलए, एक्स-रे स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे व्यंजनाने, म्हणून ‘अ’. स्पेलिंगकडे बघितले की फसगत होते. एक अपवाद ध्यानात ठेवा: वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ लिहितो, पण त्याचा मूळ उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ इयर’.

चूक शोधण्याच्या प्रश्नांत

कानावर विसंबू नका. आधी क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता, आणि दोघांमधला मजकूर पेन्सिलीने कंसात टाका. ‘द बॉक्स ऑफ पेन्सिल्स आर’ यात ‘ऑफ पेन्सिल्स’ कंसात गेले की ‘बॉक्स… आर’ उघडे पडते. ‘ॲज वेल ॲज’, ‘अलाँग विथ’ यांनी जोडलेला दुसरा शब्दही कंसात; क्रियापद पहिल्या कर्त्यानुसार. ‘नायदर-नॉर’ला मात्र जवळचा कर्ता बघतात. ‘अ नंबर ऑफ’ला ‘आर’, ‘द नंबर ऑफ’ला ‘इज’. त्यानंतर क्रमाने काळ, शब्दयोगी, आर्टिकल, सर्वनाम आणि तुलना तपासा. ठरावीक जोड्याही बघा: ‘नो सूनर’ला ‘दॅन’, ‘हार्डली’ आणि ‘स्कॅर्सली’ला ‘व्हेन’. या सगळ्या तपासण्यांत काही सापडले नाही तर ‘चूक नाही’ हा पर्याय निःशंक निवडा. चूक असलीच पाहिजे या समजुतीने बरोबर वाक्य मोडले जाते.

प्रयोग (व्हॉइस) आणि कथन (नॅरेशन) यांचे नियम ठरलेले आहेत, आठवडाभरात पक्के होतात. त्यांवर महिना घालवू नका.

शब्द

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये दाखवले की शिकलेले सुरुवातीला भराभर आणि नंतर सावकाश विसरते. म्हणून नवा शब्द पुढच्या 1, 3, 7, 15 आणि 30 व्या दिवशी पुन्हा बघा, अर्थ झाकून. रोज 10 शब्द घेतले तर महिन्यानंतर दररोज 10 नवे आणि उजळणीचे 50 होतात, ते अर्ध्या तासात आवरतात. रोज 30 घेतले तर उजळणीचेच 150 होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उजळणी बंद पडते. शब्द पाठ होत नाहीत ते बहुधा यामुळे, स्मरणशक्तीमुळे नव्हे.

शब्द सुटा न लिहिता वाक्यात लिहा, सोबत विरुद्धार्थी एक. शब्दसमूहाला एक शब्द या प्रकारात संस्कृतची ओळख कामी येते, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या. मातृ आणि मॅट्रिसाइड, पितृ आणि पॅट्रिसाइड, भ्रातृ आणि फ्रॅट्रिसाइड, अग्नी आणि इग्नाइट, दंत आणि डेंटिस्ट, नौ आणि नेव्हल. ‘साइड’ म्हणजे हत्या हे एकदा कळले की होमिसाइड (माणसाची हत्या), रेजिसाइड (राजाची हत्या) आपोआप उलगडतात. ‘बेने’ म्हणजे भले, ‘मॅल’ म्हणजे वाईट, यांवरही बरेच शब्द उभे आहेत. मात्र नुसत्या आवाजाच्या साम्यावरून नाते जोडू नका, शब्दकोशात व्युत्पत्ती बघा.

सारख्या उच्चाराचे शब्द स्पेलिंगने ओळखायचे. कागद-पाकिटांच्या स्टेशनरीत शेवटी ‘ई’ हे अक्षर, एन्व्हलपमधले. स्थिर या अर्थाच्या शब्दात ‘ए’.

वेळ आणि अंदाज

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न, त्यांपैकी 25 इंग्रजीचे. गणिताला वेळ उरायचा तर इंग्रजी 12 मिनिटांत संपायला हवे. आयबीपीएस या बँक भरती संस्थेच्या पीओ (बँक अधिकारी) पूर्वपरीक्षेत इंग्रजीला स्वतंत्र 20 मिनिटे आणि 30 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 40 सेकंद. फॉर्म भरण्याआधी ताज्या जाहिरातीत ही विभागणी बघूनच घ्या.

पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा असेल तर डोळे झाकून केलेल्या पाच अंदाजांत सरासरी एक बरोबर येतो आणि चार चुकांत तो गुण जातो. हिशेब शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर अंदाज फायद्याचा, दोन बाद झाले तर नक्की करा. शब्दार्थाच्या प्रश्नात मुळीच ओळख नसेल तर 10 सेकंदांत पुढे जा, तिथे विचार करून अर्थ सापडत नाही. व्याकरणाच्या प्रश्नाला मात्र आणखी अर्धे मिनिट द्या, तिथे सापडतो.

परीक्षेच्या आधीच्या 10 दिवसांत नवे शब्द आणि नवे संच थांबवा. वही पहिल्या पानापासून काढा, उत्तर झाकून प्रत्येक वाक्य पुन्हा सोडवा आणि जे परत चुकेल तेवढेच दुसऱ्या कागदावर उतरवा. परीक्षेच्या सकाळी तो कागद पुरतो.

आमच्या एखाद्या उत्तराबद्दल शंका असेल तर संच क्रमांक, प्रश्न क्रमांक आणि तुमचा तर्क लिहून पाठवा. चूक आमची निघाल्यास दुरुस्त पान तुम्हाला पाठवले जाईल.