वाहतूक कॉरिडॉरच्या आखणीत सल्ला देणारे नागरिक कोण निवडतो? : पार्श्वभूमी

एका प्रभागातला रस्ता रुंद करायचा असेल, तर कोणाला विचारायचे हे ठरवणे फारसे अवघड नसते. प्रादेशिक वाहतूक कॉरिडॉरचे तसे नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरचा पट्टा दोन महापालिका, एखादी नगरपरिषद, कॅन्टोन्मेंट आणि डझनभर ग्रामपंचायती ओलांडून जातो. ज्याची जमीन जाते तो पट्ट्याच्या कडेला राहतो. ज्याचा रोजचा दीड तास वाचणार असतो तो कुठेतरी आत, भाड्याच्या खोलीत. धूळ आणि हॉर्न तिसऱ्याच्याच वाट्याला येतात. यांतल्या कोणाला टेबलाशी बसवायचे, याच्या पद्धती गेल्या सत्तर वर्षांत दोनदा बदलल्या. दर वेळी आधीच्या पद्धतीत एक ठरावीक माणूस सुटून गेल्याचे लक्षात आले होते.

सुरुवात सार्वजनिक सुनावणीपासून झाली. अमेरिकेत शहरातून किंवा शहराला वळसा घालून जाणाऱ्या महामार्गासाठी सुनावणी घेण्याची अट १९५०च्या कायद्यात आली. १९५६ साली ४१ हजार मैलांच्या आंतरराज्य महामार्ग जाळ्याचा कायदा झाला. त्यात खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा होता आणि सुनावणीची अट कायम राहिली. पण विचार करायचा होता तो फक्त रस्त्याच्या ‘आर्थिक परिणामां’चा. सुनावणीत निवड अशी नव्हतीच. जो येईल तो बोलणार. राज्याचे अभियंते नकाशावर रेघ आधीच मारून येत, लोक चार-चार मिनिटे बोलत, लघुलेखक ते टिपून घेई आणि इतिवृत्त वर जाई. दिवसा होणाऱ्या बैठकीला येऊ शकणारे दुकानदार, घरमालक आणि वकील यांचाच आवाज त्यात उमटे. ज्यांची घरे पडणार ते भाडेकरू, त्यातही कृष्णवर्णीय वस्त्यांतले, यांना बहुतेकदा मोजणीदार दारात आल्यावरच कळे.

याचा उलटा झटका रस्त्यावरच बसला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या शहर मंडळाने, जानेवारी १९५९ मध्ये नियोजित १० फ्रीवेंपैकी ७ एका ठरावाने बाद केले. १९६२च्या कायद्याने ५० हजारांवर लोकसंख्येच्या प्रत्येक नागरी प्रदेशात राज्य आणि स्थानिक संस्था यांच्या सहकार्याने, सातत्याने आणि सर्वंकष नियोजन करणे सक्तीचे केले. त्यात स्थानिक संस्थांना जागा मिळाली, माणसांना नाही. खरी सुधारणा जानेवारी १९६९ची. केंद्रीय महामार्ग प्रशासनाने एकाऐवजी दोन सुनावण्या ठरवल्या : पहिली कॉरिडॉर निश्चित होण्याआधी, दुसरी आराखड्याच्या तपशिलावर. ऐकायला ही कारकुनी बाब वाटते, पण तोवर लोकांना विचारले जाई ते ‘पूल इथे की शंभर फूट पुढे’ एवढेच. रस्ता हवा का आणि कोणत्या बाजूने, हे विचारण्याची वेळ पहिल्यांदाच ठरवून दिली गेली.

बॉस्टनमध्ये गोष्ट त्याच्याही पुढे गेली. इनर बेल्ट आणि साउथवेस्ट एक्स्प्रेसवे या नियोजित महामार्गांसाठी रॉक्सबरी आणि जमैका प्लेन भागांतली घरे आधीच पाडली गेली होती. राज्याचे गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी फेब्रुवारी १९७० मध्ये शहराभोवतीच्या रूट १२८ या रस्त्याच्या आतल्या बहुतेक महामार्गांचे काम थांबवले आणि संपूर्ण प्रदेशाचा फेरविचार सुरू केला. ‘बॉस्टन ट्रान्स्पोर्टेशन प्लॅनिंग रिव्ह्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात नगरपालिका, वस्त्यांच्या संघटना, व्यापारी आणि पर्यावरणवाले सल्लागार अभियंत्यांबरोबर बसले. नोव्हेंबर १९७२ मध्ये साउथवेस्ट एक्स्प्रेसवे रद्द झाला. महामार्गाचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्याची मुभा १९७३च्या केंद्रीय कायद्याने दिली आणि त्या मोकळ्या पट्ट्यातून ऑरेंज लाइन मेट्रो १९८७ साली सुरू झाली, तिच्या बाजूने उद्यानही झाले. निवडीच्या दृष्टीने यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे स्थानकनिहाय गट. सगळ्या पट्ट्यासाठी एकच मोठी समिती असती, तर एका टोकाचा फेरीवाला दुसऱ्या टोकाच्या घरमालकापुढे गप्पच बसला असता. प्रत्येक स्थानकाच्या परिसराचा वेगळा गट केल्यामुळे पादचारी मार्ग, प्रवेशद्वार, मोकळ्या जमिनीचा वापर यावर त्या त्या वस्तीतले लोक ठोस बोलू शकले.

हीच दुसरी पद्धत : नेमलेली समिती. १९७२च्या अमेरिकन सल्लागार समिती कायद्याने केंद्राच्या समित्यांत वेगवेगळ्या मतांचे न्याय्य संतुलन असावे अशी अट घातली, आणि ती भाषा पुढे राज्यांत व शहरांतही पसरली. प्रत्यक्षात संतुलन साधले जाते ते खुर्च्या वाटून : एक व्यापारी संघटनेची, एक गृहनिर्माण संस्थांच्या महासंघाची, एक सायकलवाल्यांची, एक अपंग हक्क गटाची. तोटा उघड आहे. संघटना असलेल्यालाच खुर्ची मिळते. बसच्या प्रवाशांची संघटना क्वचितच असते, रात्रपाळीच्या कामगारांची त्याहून क्वचित. दुसरा तोटा नेमणाऱ्याचा. ज्या खात्याला रस्ता करायचा आहे तेच नावे ठरवत असेल, तर त्रास न देणारी माणसे बरोबर सापडतात. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तेव्हा हातानिवडीच्या अशा समित्यांना त्यांनी ‘समजूत काढण्या’च्या पायरीवर बसवले होते. दोन-चार जण आत घ्यायचे, बहुमत आपल्याकडे ठेवायचे. हे वर्णन अजूनही जुने झालेले नाही.

तिसरी पद्धत सोडतीची. महाराष्ट्रात प्रभाग आरक्षणाची सोडत शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढून होते, त्यामुळे कल्पना परकी नाही. फक्त इथे चिठ्ठीत आरक्षण नसते, माणूस असतो. जर्मनीत वुप्पर्टालचे पेटर डिनेल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नियोजन कक्ष’ सुरू केला. रहिवासी नोंदणी कार्यालयाच्या यादीतून चिठ्ठीने निवडलेले सुमारे २५ लोक चार दिवस कामावरून सुटी घेऊन बसतात, त्याचा मोबदला मिळतो, पाच-पाच जणांचे गट दर सत्रात बदलतात आणि एकाच प्रश्नावर असे अनेक कक्ष समांतर चालतात. गट बदलण्यामागे कारण आहे. एकच मोठ्याने बोलणारा माणूस दिवसभर त्याच चौघांवर दबाव टाकू शकत नाही. अनेक कक्ष एकाच निष्कर्षावर आले, तर तो योगायोग म्हणता येत नाही. अमेरिकेत मिनेसोटाच्या नेड क्रॉस्बी यांनी याच सुमारास, स्वतंत्रपणे, नागरिकांच्या ज्युरीची कल्पना मांडली.

प्रादेशिक वाहतुकीवर या पद्धतीची चांगली परीक्षा इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये झाली. ग्रेटर केंब्रिज पार्टनरशिप या स्थानिक संस्थांच्या भागीदारीने २०१९ मध्ये पत्त्यांच्या यादीतून १० हजार घरांना निमंत्रणे पाठवली. होकार कळवणाऱ्यांतून वय, लिंग, राहण्याचे ठिकाण आणि प्रवासाच्या सवयी पाहून सभासद निवडले. रोज कामासाठी शहरात येणाऱ्या आसपासच्या प्रदेशालाही त्यात जागा होती. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधल्या दोन आठवडाअखेरींना ५३ जण बसले. त्यांचा सर्वाधिक कौल काही रस्ते मोटारींना बंद करण्याला आणि त्याखालोखाल वेगवेगळ्या स्वरूपाच्या रस्ता शुल्काला होता. राजकारणी सहसा ज्याला हात लावत नाहीत, नेमके तेच.

पुढे काय झाले ते सोडतीच्या समर्थकांनी नीट वाचावे. २०२२च्या शरदात शुल्काचा पक्का प्रस्ताव, मोटारीला दिवसाला ५ पौंड, सगळ्यांच्या मतासाठी खुला केला गेला. २४ हजारांवर प्रतिसाद आले. बससेवा वाढवण्याला बहुसंख्यांचा पाठिंबा होता, पण ५८ टक्के लोक शुल्काच्या विरोधात होते. सप्टेंबर २०२३ मध्ये योजना सोडून देण्यात आली. सभेत तज्ज्ञांना प्रश्न विचारून आणि एकमेकांशी वाद घालून मत बनवलेले ५३ जण होते. बाहेर तो प्रवास न केलेला सगळा प्रदेश. मधल्या तीन वर्षांत त्या ५३ जणांना लोकांपुढे आणून त्यांनी मत का बदलले हे सांगू दिले असते तर निकाल वेगळा लागला असता का, हे सांगता येणार नाही. पण सभा संपली की सभासदांना निरोप देऊन अहवाल कपाटात ठेवण्याची सवय महागात पडते, एवढे दिसते.

महाराष्ट्राची वाट वेगळी आहे, कारण इथे कायद्याने नागरिकाला नेहमी हरकत घेणारा म्हणून पाहिले. १९१५चा मुंबई नगररचना कायदा, १९५४चा त्याचा नवा अवतार आणि १९६६चा प्रादेशिक व नगररचना कायदा, म्हणजेच एमआरटीपी, या तिघांचा गाभा एकच : आराखडा आधी, हरकती-सूचना नंतर. एमआरटीपीच्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत, सध्या ३० दिवसांत, हरकती घ्यायच्या असतात. कलम २८ खाली त्या ऐकणाऱ्या नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्याच्या बाजूने नेमलेले, नगररचना किंवा पर्यावरणाचे विशेष ज्ञान असलेले जास्तीत जास्त चार जण असतात. खुर्च्या सात, त्यात बसणारे एक तर लोकप्रतिनिधी किंवा तज्ज्ञ. रोजच्या प्रवाशासाठी आठवी खुर्ची नाही.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. सात जणांनी ८७ हजार माणसांचे ऐकायचे म्हटल्यावर सुनावणीचे काय होते हे सांगायला नको. एकाच मजकुराच्या छापील अर्जांचे गठ्ठे येतात, ते गटाने निकाली निघतात, आणि ज्याने स्वतः नकाशा मोजून चूक दाखवली त्याचा कागद त्याच ढिगात जातो. शेवटी २०१५ मध्ये राज्याने आराखडा आपल्या हाती घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या समितीकडे दिला.

महामार्गाच्या बाबतीत दार आणखी अरुंद आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६च्या कलम ३सी खाली अधिसूचनेपासून २१ दिवसांत हरकत घेता येते, पण ती जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच. पलीकडच्या वाडीतून रस्ता ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईला त्यात स्थान नाही. भुयारी मार्ग कुठे हवा हे मात्र तिलाच सर्वांत नेमके ठाऊक असते. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्याची छाननी करणारा गट आहे, त्यात ग्रामसभेचे किंवा नगरपालिकेचे दोन प्रतिनिधीही आहेत. पण महामार्ग अधिनियम त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत टाकून या तरतुदींमधून वगळला गेला. उरते ती २००६च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेखालची जनसुनावणी. तिला ३० दिवसांची सूचना लागते, पण गणपूर्ती लागत नाही. चार माणसे आली तरी ती वैध.

प्रदेशाच्या पातळीवर निवडणुकीची वाट घटनेने १९९२च्या ७४व्या दुरुस्तीने उघडली. अनुच्छेद २४३झेडई नुसार १० लाखांवर लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रात नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातूनच निवडावेत. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदा केला. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये आले, तिथल्या समितीच्या ३० जागांसाठी निवडणूक झाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. ‘आपल्यातूनच’ या अटीमुळे सामान्य माणूस ना मतदार, ना उमेदवार. शिवाय महापालिकेची मुदत संपून प्रशासक बसला की निवडलेल्यांचे नगरसेवकपद जाते, आणि समितीचा पायाच हलतो.

इथे सोडतीने सल्लागार गट करायचा म्हटला, तर पहिली अडचण यादीची. जर्मनीसारखी रहिवासी नोंदणी आपल्याकडे नाही. मतदारयादीत वय, लिंग आणि भाग मिळतो, पण चाकण-रांजणगावच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची नावे बहुधा गावाकडच्या यादीत असतात. मालमत्ता कराच्या यादीत फक्त मालक. सर्वांत वापरण्याजोगी यादी प्रत्यक्षात आधीच तयार होत असते : प्रत्येक सर्वंकष वाहतूक अभ्यासात सल्लागार कंपनी नमुन्याने घरे निवडून घरोघर पाहणी करते. कोण कुठे, कशाने, किती वाजता जातो हे विचारते, आणि मग ती माणसे फक्त आकडे होऊन जातात. त्याच पाहणीत ‘सल्लागार गटात बसाल का?’ एवढा एक प्रश्न जोडला, तर प्रवासाच्या साधनासकट नावे हाती येतात.

दुसरी अडचण कोट्यांची, आणि ती गणिताची आहे. चार वयोगट, दोन लिंगे, पट्ट्याचे पाच टप्पे आणि प्रवासाची पाच साधने धरली तर २०० कप्पे होतात. शंभरातल्या तिघांनी होकार दिला तर ५ हजार पत्रांतून १५० नावे येतील. कप्पे भरायला बसले तर निम्मे रिकामे. म्हणून प्रत्येक निकषाची फक्त बेरीज जुळवायची असते : ५० जणांत बसचे प्रवासी इतके, दुचाकीवाले इतके, महिला २५, प्रत्येक टप्प्यातून १०. गळती धरून प्रत्येक टप्प्यातून दोन-तीन राखीव नावे हवीतच. टप्प्यांचे कोटे लोकसंख्येच्या प्रमाणात दिले तर महापालिका हद्दच सगळ्या जागा खाते. म्हणून ग्रामीण टप्प्यांना प्रमाणापेक्षा जास्त जागा द्याव्या लागतात, आणि तसे का केले हे निवडीआधीच जाहीर करावे लागते, नाहीतर पहिला आरोप तोच होतो.

मानधन हा शोभेचा भाग नाही. रोजंदारीवरचा माणूस शनिवारची हजेरी बुडवून येतो, तेव्हा किमान बुडालेला रोज आणि येण्या-जाण्याचे भाडे त्याच दिवशी रोख किंवा खात्यात मिळायला हवे. ‘बिल सादर करा’ म्हटले की पुढच्या बैठकीला तो दिसत नाही. बैठकीची जागा पट्ट्याच्या मध्यावर आणि शेवटच्या बसच्या वेळेआधी सुटणारी. नकाशे गावांची आणि चौकांची नावे घातलेले, मराठीत. आणि हे सगळे महामार्ग अधिनियमाच्या कलम ३एची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघण्याआधी, कारण ती राजपत्रात आल्यावर गटनंबर ठरलेले असतात आणि सल्ल्यासाठी उरतो तो झाडे कुठली लावायची एवढाच विषय.