नऊशे रुपयांपासून आठ लाखांपर्यंत : फीसवलतीच्या पात्रतेची पार्श्वभूमी

जून-जुलैत कुठल्याही तहसील कचेरीच्या सेतू केंद्रासमोर हे चित्र दिसतं. बारावीची गुणपत्रिका घेतलेली मुलगी, शेजारी वडील, त्यांच्या पिशवीत रेशनकार्ड, आठ-अ चा उतारा आणि तलाठ्याचा अहवाल. दोघं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले असतात. त्या दाखल्यावर जो आकडा छापून येतो, त्यावर तिच्या कॉलेजची किती फी सरकार भरणार आणि किती घराला भरावी लागणार, हे ठरतं. पात्रतेची ही रेषा पाऊण शतकात बऱ्याचदा सरकली आहे, आणि दर वेळी तिच्या अलीकडे-पलीकडे हजारो मुलं राहिली आहेत.

आधी रेषाच नव्हती, राजाची कृपादृष्टी होती. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते तेव्हा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्या पैशावर, परतल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. असा राजा ज्याला भेटला नाही, त्याचं काय? याचं उत्तर नियमात हवं, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवलं होतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतुदीचा पाठपुरावा केला, आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्याकडे तिला आजही ‘भारत सरकारची शिष्यवृत्ती’ म्हणतात. पुढे ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली.

पण नियमाची रेषाही माणसांना बाहेर ठेवते. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेली कुटुंबं केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीबाहेर पडली. वस्ती तीच, गरिबी तीच, गावाची वागणूकही तीच; कागदावरचा धर्म तेवढा बदलला होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या यादीत त्यांना जागा मिळायला १९९० साल उजाडलं. महाराष्ट्रातला हा निर्णय वेळेवर झाला म्हणून कितीतरी घरांतली पहिली पदवी शक्य झाली. त्याचं मोल मला फार मोठं वाटतं.

त्याच चव्हाणांच्या काळात, द्विभाषिक मुंबई राज्य असताना, १९५९ साली ईबीसी सवलत, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फीमाफी, आली. इथे जात विचारली जात नव्हती, फक्त उत्पन्न पाहिलं जाई. मर्यादा होती वर्षाला ९०० रुपये, म्हणजे महिना ७५. ती लवकरच १२०० वर गेली. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या कुणालाही विचारा, ‘बाराशेच्या आतली ईबीसी’ हे शब्द त्यांना चटकन आठवतील. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, गिरणी कामगाराचा मुलगा फीची चिंता न करता कॉलेजात बसला तो या फॉर्मवर.

ईबीसी पेलली गेली याचं एक कारण असं, की तेव्हा कॉलेजं सरकारी किंवा अनुदानित होती आणि फी बेताची होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि सगळं गणित बदललं. जागा वाढल्या, मुलं कर्नाटकात जायची थांबली, हे खरंच. पण प्राध्यापकांच्या पगारासकट सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून निघू लागला. फी हजारांवरून लाखाकडे गेली आणि उत्पन्नाची मर्यादा मात्र मागेच रेंगाळली.

२०१६ मध्येही ती १ लाखावरच होती. त्या वर्षी मराठा मोर्चे निघाले आणि शिक्षणाचा खर्च हा त्यांतला एक कळीचा मुद्दा होता. ऑक्टोबरमध्ये सरकारने मर्यादा ६ लाखांवर नेली, योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचं निम्मं शिक्षण शुल्क देऊ केलं. पुढे मर्यादा ८ लाख झाली. हाच आकडा ‘नॉन-क्रिमिलेअर’चाही आहे, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याचा. ती मर्यादा १९९३ मध्ये १ लाख होती, ती टप्प्याटप्प्याने वाढत २०१७ मध्ये ८ लाखांवर आली होती.

आकडा एकच असला तरी मोजणी एक नाही, आणि पालक नेमके इथेच अडखळतात. नॉन-क्रिमिलेअरच्या उत्पन्नात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. फीसवलतीसाठी कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरतात. त्यामुळे नॉन-क्रिमिलेअर दाखला हातात असलेल्या शिक्षक दाम्पत्याची मुलगी फीसवलतीत बसत नाही, असं होतं. शिवाय प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे संस्थेने स्वतः भरायच्या जागांतून घेतला तर घर कितीही गरीब असो, अर्ज बाद.

भारत सरकारच्या शिष्यवृत्तीची मर्यादा मात्र अडीच लाखांवर थांबली. नवरा-बायको दोघं एमआयडीसीत महिना अकरा-अकरा हजारांवर असले, तरी वर्षाचे २ लाख ६४ हजार होतात आणि ते रेषेपलीकडे जातात. अनुसूचित जातीच्या मुलाला मग राज्याची ‘फ्रीशिप’ असते. फी भरली जाते, पण निर्वाह भत्ता जातो. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलासाठी तो भत्ता म्हणजे मेसचे पैसे. ही मर्यादा वाढवायलाच हवी.

शेवटचा मोठा बदल जुलै २०२४ चा. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांच्या आतल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं. सेतू केंद्रासमोरच्या त्या मुलीला दाखला मिळाला, फेरीत कॉलेज मिळालं, तर शिक्षण शुल्काच्या रकान्यात तिच्यासाठी शून्य असेल. खालच्या ओळीतलं विकास शुल्क, हॉस्टेल आणि मेस वडिलांनाच बघावं लागेल. ते घर आर्थिक दुर्बल प्रवर्गातलं असेल, तर पुढच्या वर्षी तशाच दाखल्यावर तिच्या भावाची फी निम्मीच माफ होईल.